डोक्यावर शिलाई मशीन

(शिंप्याचं दुकान. दारात शिडीवर पेंटर नवी पाटी रंगवतोय. आत आजोबा आणि त्यांची नात.)

आजोबा : कुणाचा विश्वास बसणार नाही, पण माझे वडील शिलाई मशीन डोक्यावर घेऊन समुद्रातून पोहत या गावच्या धक्क्याला लागले!

पेंटर : मशीन हाताचं की पायाचं, मास्तर?

आजोबा : पायाचं. पोहताना पायडल आपोआप फिरत होतं. किनारा येईपर्यंत एक सदरा शिवून तयार.

पेंटर : बटणांसकट?

आजोबा : काजं राहिली होती. खोटं कशाला बोलू?

पेंटर : 'संस्थापक' लिहून झालंय. खाली वडिलांचं नाव टाकू ना?

नात : थांबा दादा. नाव नका लिहू अजून.

आजोबा : का गं? आम्ही आलो त्या बोटीची नोंद सापडली नाही?

नात : सापडली. बंदराच्या कचेरीत बसून जुन्या उतारूंच्या याद्या चाळल्या. तुम्ही नको नको म्हणत होतात, तरी गेले. त्या बोटीच्या यादीत तुमचे वडील आहेत. तुमची आई आहे. आणि तुम्हीही आहात.

आजोबा : असेन.

नात : असेन काय? तुम्ही दोघं आधी आलात आणि वडील मागून, असं सांगितलं होतंत मला. आणि निरोप घेताना तुम्ही आईचा हात धरून धक्क्यावर, ते वर बोटीत, हेही तुम्हीच सांगितलंत. शाळेत निबंध लिहिला मी त्यावर. बाईंनी सगळ्या वर्गाला वाचून दाखवायला लावला.

आजोबा : अगं, मधला भाग गाळला होता. तिघंही उतरलो. पण मशीन वरच राहिलं! ते आणायला वडील परत चढले, तेवढ्यात खलाशांनी शिडी काढली. मग उडी मारण्यावाचून गत्यंतरच काय?

पेंटर : वा मास्तर! जोड दिली, पण टाका दिसत नाही.

नात : मशीन तुमच्या आईच्या सामानात लिहिलंय. तिच्याबरोबर उतरलेलं.

आजोबा : कारकून झोपेत असेल.

पेंटर : तुमचं चालू द्या. रंग वाळेपर्यंत चहा घेतो. बरं ताई, येतो.

नात : (दाराशी जाऊन पाठमोऱ्या पेंटरकडे बघते.)

आजोबा : काय झालं? अशी काय बघतेस त्याच्याकडे?

नात : तुमचे वडील बोटीवरून काय ओरडले होते?

आजोबा : किती वेळा सांगू? 'येतो!' भोंगा वाजत होता, तरी मला स्पष्ट ऐकू आलं. आणि रुमाल हलवत राहिले. किती तरी वेळ. शेवटी शेवटी नुसता पांढरा ठिपका.

नात : पोहत येणाऱ्याचा ठिपका मोठा होत जातो, आजोबा.

आजोबा : धुकं पडलं होतं.

नात : आणि आई?

आजोबा : आई म्हणाली, येतो म्हणालेत ना, मग चल. उचललं मशीन, घेतलं डोक्यावर, आणि...

नात : कुणी?

आजोबा : (टेप उचलून गळ्यात घालत) कुणी म्हणजे?

नात : मशीन कुणी घेतलं डोक्यावर?

आजोबा : तू आता वकिलासारखं धरू नकोस हं मला.

नात : माझी आई म्हणायची, म्हाताऱ्याच्या थापा आहेत सगळ्या. मी भांडले तिच्याशी. दोन दिवस जेवले नाही. जगाशी काय वाटेल ते बोला, पण मला वाटायचं, माझ्याशी तरी तुम्ही...

आजोबा : गोष्टीला काय होतंय गं? कुणाचं काही बिघडलं का? धक्क्यावरची पोरं विचारायची, तुझा बाप कुठंय म्हणून. काहीतरी सांगायला लागायचंच. पाटीवर त्यांचं नाव तेवढं येऊ दे.

नात : पेंटर आत्ता जाताना काय म्हणाला?

आजोबा : येतो म्हणाला.

नात : मग आला का?

आजोबा : खुळी की काय? आत्ताच तर गेला.

नात : तुमचे वडीलही गेले होते, आजोबा. पोहत कुणीच आलं नाही.