मधली बाई

दारव्ह्याच्या स्टँडवर जीप भरायची होती. माझ्या मागच्या सीटवर एक बाई आपल्या तांड्यावरच्या पास्टरवर चिडली होती.

"पास्टरभाऊ, रविवारी सभेत माह्या पोरीले बायबल वाचता वाचता काहून थांबवलं?"

"थांबवलं नाही, पुष्पाबाई. मधलं सोडून पुढचं वाच म्हटलं."

"मधलं म्हंजे त्या बारा वर्षं रक्त जाणाऱ्या बाईचं."

"सगळ्यायसमोर बरं दिसते काय ते? गोष्ट सभास्थानाच्या अधिकाऱ्याच्या, त्या याईराच्या पोरीची हाय. बाई मधातच येते."

"येते? लिहिणाऱ्यानं मुद्दाम मधात बसवली तिले! आधी मरायले टेकलेली पोरगी, मग गर्दीत येशूच्या कपड्याले शिवून बरी झालेली ही बाई, मग परत पोरगी. पोरगी बारा वर्षांची, बाईचं दुखणंही बारा वर्षांचं. इकडे बाप पोरीसाठी रडते, तिकडे येशू त्या बाईलेच 'मुली' म्हणते. दोघी समोरासमोर ठेवल्या हायत. बाई काढली तं उरलं काय? मोठ्या माणसाची पोरगी बरी झाली, एवढंच!"

"हळू बोला. लोक आयकून राह्यले."

"आयकू द्या! तिच्यासाठी येशूनं त्या मोठ्या माणसाले रस्त्यात थांबवलं, आन् तुम्ही तिलेच गाळलं. पोरगी घरी येऊन मले इचारते, आई, त्या दिवसांत मीबी मागं बसू काय?"

जीप सुरू झाली.

"बरं. येत्या रविवारी पुरी गोष्ट वाचू. मधलं मी वाचतो, बाकीचं तुमची पोरगी."

"नाही. मधलं माही पोरगीच वाचीन. बाकीचं तुम्ही वाचा."