गाठ मारलेली टोपली

(सिल्वासाजवळ, नरोलीच्या रस्त्यावर विद्याच्या घराचा ओटा, हीच तिची खानावळ. चार टेबलं, भिंतीवर खडूने लिहिलेली पाटी. १९९१च्या ऑक्टोबरातला रविवार, दुपार. तुळईला बांधलेल्या झोळीत पाच महिन्यांची कावेरी झोपली आहे. तिची आई रसिका जेवते आहे.)

विद्या: नाही, तूच ओळखायचं. दोन वाट्या संपवल्यास, आता नाव सांग.

रसिका: रताळं?

विद्या: रताळं असतं तर मी अशी तुझ्या तोंडाकडे बघत उभी राहिले असते का?

रसिका: मग सुरण. पण सुरण इतका रेशमासारखा नसतो. नारळाचं दूध कळतंय, गूळ कळतोय. जायफळ आहे का?

विद्या: किंचित.

रसिका: विद्याताई, पाच महिन्यांत आज पहिल्यांदा गरम जेवतेय हो मी. घरी ताटावर बसलं की ही उठते. मग सासूबाई म्हणतात, तू जा, मी झाकून ठेवते. झाकलेलंच खायची सवय झालीय.

विद्या: आज बरं सोडलं त्यांनी.

रसिका: सोडलं कुठलं. हृषीकेशची रविवारची शिफ्ट, सासूबाई भजनाला. बाळाला जरा हवा खायला नेते म्हणून सांगितलंय. साडेतीनच्या आत घरी पोचायचंय. पाजणाऱ्या बाईने काय खावं याची त्यांच्याकडे यादी आहे. तुमच्या पाटीवरचं एकसुद्धा नाव त्यात नसणार.

विद्या: नसेलच. नाशिकहून आले तेव्हा मलाही इथलं काही माहीत नव्हतं. मी म्हटलं, कारखान्यांतल्या ह्या सगळ्या इंजिनियरांना पंजाबी भाजी आणि नान देणारे रस्ताभर आहेत. आपण जे त्या आठवड्यात रानात आणि परसात येईल तेवढंच करायचं, पण आपल्या पद्धतीने. लाल अंबाडीचं सरबत प्यायलीस ना? तसंच हे. कडूकंद.

रसिका: कडू? हे?

विद्या: तीच तर गंमत. इथले लोक उकडून नुसते मिठाबरोबर खातात. मी नारळाच्या दुधात शिजवले. या मोसमातला पहिलाच घाणा, आणि पहिलं गिऱ्हाईक तू.

कोंडाबाई: ताई.

विद्या: आलात? या कोंडाबाई, ह्या रसिका. कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहतात. रसिका, कंद आणतात त्या ह्याच. राखेत उकडणं, मग ओहोळात ठेवणं, सगळं त्यांच्याच हातचं. मी फक्त गोड करते.

कोंडाबाई: ओहोळातली वरल्या दगडाजवळची टोपली कुठं गेली?

विद्या: मीच आणली सकाळी. तुम्हाला उशीर झाला, म्हटलं मी जाऊन येते. पाय घसरला, साडी भिजली, पण आणली.

कोंडाबाई: खालची आणायची ना. वरलीला गाठ होती.

विद्या: म्हणून तर वरची आणली. गवताची गाठ मारलेली, नीट बांधलेली. खालची उघडीच होती. मला वाटलं, तयार झाली की तुम्ही बांधून ठेवता.

कोंडाबाई: तयार झाली की सोडते. गाठ हाय म्हंजे हात लावू नका. वाटेनं जाणारा किती भुकेला असला तरी गाठ बघून पुढं जातो.

विद्या: मला कधी सांगितलं नाहीत.

कोंडाबाई: तुमी कधी ओहोळावर आला नव्हता.

रसिका: म्हणजे काय झालं? विद्याताई?

कोंडाबाई: कंदाला दोन रात वाहतं पाणी लागतं, बाय. खालची टोपली परवाची, ती तयार. वरली मी काल सांजंला ठेवली. एकच रात झाली. तू किती खाल्लास?

रसिका: दोन वाट्या. दुसरी मी मागून घेतली.

विद्या: पण मी चाखलं होतं, कोंडाबाई. देवाशपथ चाखलं होतं. जराही कडू नव्हतं.

कोंडाबाई: गूळ घालायच्या आधी चाखला?

विद्या: नाही. झाल्यावर.

कोंडाबाई: आमी मिठाशी खातो ते घरात गूळ नाय म्हणून नाय, ताई. मिठात कडू लपत नाय.

रसिका: काय होतं खाल्लं तर? सरळ सांगा मावशी.

कोंडाबाई: घसा धरतो. पोटात ढवळतं. जास्त असलं तर उलट्या, चक्कर. माज्या नणंदेनं एकदा खाल्ला, असाच एक रातीचा. दिवसभर वकत होती. दुसऱ्या दिशी भात कापायला आली.

रसिका: तिला अंगावर पिणारं मूल होतं?

कोंडाबाई: नव्हतं.

रसिका: मग दुधातून जातं का, तुम्हाला माहीत नाही.

कोंडाबाई: नाय. माहीत नाय ते मी सांगत नाय.

विद्या: अगं, त्या उगाच घाबरवतायत. एक रात्र तर झालीच होती पाण्यात. आणि वरून इतकं शिजवलंय.

रसिका: तुम्ही थांबा जरा. मावशी, पातेल्यात उरलंय ना? तुम्ही चाखून सांगता? गूळ काढून.

कोंडाबाई: ताई, गरम पाणी द्या. फोडी धुते, गूळ जाऊ दे. अजून घाला. अजून एकदा. हं.

रसिका: मावशी?

कोंडाबाई: हाय कडू.

रसिका: किती?

कोंडाबाई: लय नाय. पण हाय.

रसिका: माझा घसा खवखवतोय. मघापासून खवखवतोय की आत्ता सुरू झालाय, मला कळत नाही. विद्याताई, भीतीने होतं ना असं?

विद्या: होतं. होतंच. माझाही खवखवतोय, मी तर चमचाभरच घेतलं. थांब, आपण नीट विचार करू. फोन करू का कोणाला? हृषीकेशला?

रसिका: प्लांटवर रविवारी फोन कोण उचलणार. आणि सांगू काय? खोटं बोलून बाहेर पडले, वर हे खाल्लं? नको, थांबा. तिला शेवटचं अकराला पाजलंय. तेव्हा मी काही खाल्लं नव्हतं, सकाळचा चहा फक्त. म्हणजे आत्तापर्यंत तिच्या पोटात काही गेलेलं नाही. हो ना? आत्तापर्यंत ती ठीक आहे.

विद्या: ठीक आहे. शांत झोपलीय बघ.

रसिका: किती वाजले?

विद्या: एक वाजून दहा.

रसिका: आता उठेल. दोन तासांपलीकडे ती राहतच नाही. हलवू नका झोळी, तशीच राहू दे. हवेनेसुद्धा उठते.

कोंडाबाई: उठली ती.

रसिका: नको ना गं. नको, राणी. झोप अजून थोडी.

विद्या: मी घेते. ये गं, मावशीकडे ये. बघ, पाटी बघ. पांढरं पांढरं काय आहे?

रसिका: ती नाही राहणार. तुमच्या साडीला माझा वास येत नाही. द्या इकडे. नको, माझ्याकडे नको, माझ्याकडे आली की तोंड लावेल. तुम्हीच धरा. देवा.

विद्या: चमच्याने पाणी देऊ? उकळून गार केलेलं आहे.

रसिका: पाच महिन्यांची आहे ती. बाटली घेत नाही, चमचा थुंकते. विद्याताई, मला दूध आलंय. तिचा आवाज ऐकला की येतंच. हे बघा, ब्लाउज भिजलाय. मला थांबवता येत नाहीये.

विद्या: रडू नकोस गं. मी नाक्यावर जाते. झुंबरची रिक्षा असते तिथे, दुपारी कुठे जात नाही तो. मोठ्या दवाखान्यात जाऊ सरळ, तुला तपासू दे त्यांना. वीस मिनिटं. धरा हिला कोंडाबाई.

रसिका: लवकर या.

कोंडाबाई: ये गं म्हातारीकडं. केवढा गळा हाय हिचा. खालच्या गावाला ऐकू जाईल.

रसिका: मावशी, वीस मिनिटं जायला. तिथे नंबर लागायचा. मग डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत पाजू नका, तर? एवढा वेळ ती राहील?

कोंडाबाई: राहायला कशाला पाहिजे. मागं माजी सून भांडी घासते. दुर्गा. तिला आठ महिन्यांचं पोरगं हाय. दूध हाय तिला, लय हाय. पोरगं पिऊन निजलंय.

रसिका: म्हणजे तिनं हिला...

कोंडाबाई: तुजं मन नसलं तर नको.

रसिका: तसं नाही. तसं नाही हो मावशी. फक्त... तिनं सकाळपासून काय खाल्लंय?

कोंडाबाई: ईचार. ईचारायलाच पाहिजे. नागलीची भाकर आन् मीठ. माज्या हातची. त्याच्यावर पाणी.

रसिका: कंद?

कोंडाबाई: घरात कंद आलाच नाय अजून. पयला ताईला दिला.

रसिका: बोलवा तिला.

कोंडाबाई: दुर्गा, ए दुर्गा. हात धुवून ये. राख नीट धू, कोपरापर्यंत. पदर बी बदल, वला हाय. हां. बस हिथं, भिंतीला टेक.

रसिका: दुर्गा, हिला मान अशी धरावी लागते. डाव्या बाजूला आधी घेते ती. म्हणजे माझ्याकडे तरी.

कोंडाबाई: तिला कळतंय.

रसिका: घेत नाहीये. बघा, तोंड फिरवतेय. वास वेगळा येतोय तिला. माझा पदर टाकू का मध्ये? हा घ्या, हा कोरडा आहे इकडून. कावेरी, मी इथेच आहे गं. ही बघ माझी बोटं, धर. धर माझं बोट.

कोंडाबाई: बोलू नको. तुजा आवाज आला की ती तुज्याकडं वळते.

रसिका: बरं.

कोंडाबाई: गप ऱ्हा. तिला भूक हाय, ती वाट काढील.

रसिका: (हाताने तोंड दाबून रडते.)

कोंडाबाई: लागली.

रसिका: लागली? पितेय? गिळताना आवाज येतोय का?

कोंडाबाई: तुज्या रडण्यापायी मला ऐकू येत नाय.

रसिका: पितेय. हो, पितेय. दुर्गा, तुझ्या बाळाला उरेल ना गं?

कोंडाबाई: मान हलवतेय बघ. ती जास्ती बोलत नाय. घरात बोलायला मी हाय.

विद्या: झुंबर येतोय, पेट्रोल टाकून पाच मिनिटांत. काय झालं? का शांत आहे ती? रसिका?

रसिका: हळू बोला. पितेय.

विद्या: अगं बाई. मला वाटलं... रस्त्यावरून पळत आले मी, आणि रडणं एकदम बंद झालेलं ऐकलं.

कोंडाबाई: बसा ताई. धापा टाकताय.

विद्या: नको. ते पातेलं कुठे आहे? वाटी द्या मला.

रसिका: काय करताय?

विद्या: तू दोन खाल्ल्यास, मी दोन खाते. जे तुला होईल ते मला होऊ दे. मला तुझ्याकडे बघत उभं नाही राहता येत. मघाशी तशीच उभी होते, कौतुक ऐकत.

कोंडाबाई: ठेवा ती वाटी.

विद्या: तुम्ही मध्ये पडू नका.

कोंडाबाई: ठेवा म्हणते ना. दोघींना वकाऱ्या लागल्या तर पोर कोण धरील, रिक्षावाला? एकीचं पोट बिघडलं तेवढं पुरे. पातेलं मी मागं खड्ड्यात पुरते. कुत्र्याला बी नाय द्यायचं.

रसिका: विद्याताई, बसा इकडे. माझा हात धरा नुसता. गार पडलेत का माझे हात?

विद्या: गार आहेत. माझेही आहेत.

रसिका: पोटात ढवळतंय. आता खरंच ढवळतंय, भीती नाही ही. लिंबू द्या जरा. मला काही झालं तर चालेल, म्हणजे चालणार नाही, पण... ती पितेय ना अजून?

विद्या: पितेय. मूठ सोडलीय तिने. बोटं उघडी आहेत बघ.

रसिका: पोट भरलं की सोडते. दवाखान्यात त्यांनी पाजू नका म्हटलं तर दुर्गा येईल का आमच्याबरोबर? तिचं बाळ घेऊन? मी कोणत्या तोंडाने विचारतेय.

कोंडाबाई: येईल. तिचं पोरगं मी घेते मांडीवर. रिक्षात जागा हाय. ताई, गल्ल्याला कुलूप लावा, पाटी पुसा. आज कुणाला जेवण नाय.

विद्या: पुसते. कोंडाबाई, उद्यापासून मी येईन ओहोळावर तुमच्याबरोबर. गाठ कशी मारायची ते बघायला.

कोंडाबाई: सोडायची कशी ते बघा. मारता कोणाला बी येते.

विद्या: आला बघ झुंबर. हॉर्न नको वाजवू रे बाबा. रसिका, ऊठ, हळू. माझ्या खांद्यावर भार दे.

रसिका: निजली का ती?

कोंडाबाई: तोंडात धरूनच निजली. दुर्गा, तशीच ऊठ, सोडवू नको तिला.

रसिका: मावशी, साडेतीनला सासूबाई दारात उभ्या असतील. मी नसेन. त्यांना निरोप तर पाठवायला हवा. काय सांगायचं त्यांना?

कोंडाबाई: खरं सांग. म्हणावं, पोर आज बाहेर जेवली.