दारावरून पुढे गेलेला शिपाई

टाळकरी, हात आवरा. मृदंगबुवा, तुम्हीही टेका जरा! देवाचं नाव घेऊन झालं, आता त्याच्याच पुढ्यात एक प्रश्न टाकतो. मंडळी, ऐका! संकट गावात शिरलं. आपल्या दारापर्यंत आलं — आणि न थांबता पुढं गेलं. शेजारच्याकडं! आपण सुटकेचा श्वास टाकला. हा श्वास पाप की पुण्य?

बोला की! आत्ता गजर करताना मांडव डोक्यावर घेतला होता, आणि आता सगळ्यांच्या माना खाली! अहो अण्णा, मोबाईल खिशात ठेवा, त्यात उत्तर नाही सापडायचं. उत्तर करंजओढ्यात आहे. चला तिकडं!

करंजओढा म्हणजे डोंगराच्या पायथ्याचं फौजी गाव. घराघरातनं पोरगं पलटणीत. दारावरच्या पाट्या वाचत चाला — सुभेदार अमुक, हवालदार तमुक. सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, "मुलगा कुठं असतो?" की आई सांगणार, "बर्फात!"

आणि या गावात एक शिपाई होता — ज्ञानूबापू सपकाळ. तुम्ही म्हणाल, फौजींच्या गावात शिपायाचं काय कौतुक? अहो, हा पंचायतीचा शिपाई! बंदूक जन्मात धरली नाही. हातात झाडू, किल्ल्यांचा जुडगा आणि — माईक! पंचायतीच्या छपरावर भोंगा, आणि रोज दिवेलागणीला बापूचा आवाज गावभर. "उद्या नळाला पाणी येणार न्हाई हो! घरपट्टी भरा हो! आन आता — माझं मत ऐका!"

मत कशावर? कशावर नाही ते विचारा! सरपंचाची नवी गाडी, तालुक्याचा आमदार, सोसायटीची निवडणूक... आणि सीमेवर जरा खडाखडी झाली की मग काय बघता! गावचं गटार कधी उपसणार ते बापूला ठाऊक नसायचं, पण सैन्य कुठनं घुसवायचं ते बरोब्बर ठाऊक! "आता थांबायचं न्हाई! घुसा! आपल्या गावची पोरं तयार हायेत!" पारावर टाळ्या! हसू नका, हसू नका. तुमच्या घरीसुद्धा सोफ्यावर असा एक सेनापती बसलेला आहे. चहा संपायच्या आत देश जिंकतो, आणि बायकोनं पिठाचा डबा खाली काढायला सांगितला की त्याची कंबर धरते!

पंचायतीच्या मागच्या आळीत गजराबाई कदम राहायच्या. नवरा केव्हाच वारलेला. एकुलता एक विश्वास, तो सरहद्दीवर. बापूचं मत सुरू झालं की बाई दाराला कडी घालायच्या. पण भोंगाच तो, कडीला ऐकतोय होय? "पोरं तयार हायेत" एवढं घरात यायचंच. मग भाकरी थापता थापता बाई म्हणायच्या, "माझा विश्वास तयार हाय का न्हाई, ते बापूभावजी कधी विचारायला आलं व्हतं?"

तेव्हा सीमेवर गोळाबार चालू होता. टीव्हीवर तांबड्या पट्ट्या, आरडाओरडा, हे पाडलं, ते उडवलं! गजराबाई बातम्या कशा बघायच्या ठाऊक आहे? आवाज बंद करून. कोण जिंकलं याच्याशी बाईंना देणंघेणं नव्हतं. खालच्या पट्टीत नाव येतं का, तेवढंच बघायचं.

आणि एका संध्याकाळी टीव्ही एकदम निळा झाला. केबल गेली! जाते हो केबल, त्यात काय? बाई बाहेर आल्या. तर समोरचीही गेलेली. पलीकडचीही. सगळ्या आळीची! दिवेलागण झाली, आणि भोंगा — वाजलाच नाही.

आपल्याकडं असं झालं तर आपण म्हणू, बरं झालं, कानाला विश्रांती! करंजओढ्यात तसं नव्हतं. त्या गावाची एक रीत होती. पलटणीतनं वाईट बातमी आली की पंचायत आधी केबल बंद करायची आणि भोंगा गप्प ठेवायची. का? घरच्यांनी टीव्हीवरनं ऐकू नये, माणसानं घरी जाऊन सांगावं. हेतू किती चांगला! पण मंडळी, केबल बंद होते ती अख्ख्या गावाची! लपवायचं एका घरापासून, आणि जीव टांगणीला लागतो प्रत्येक घराचा!

गजराबाईंनी विश्वासला फोन लावला. "आपण ज्यांच्याशी संपर्क करू इच्छिता ते संपर्क क्षेत्राबाहेर आहेत." परत लावला. तीच बाई, तेच गोड बोलणं! चुलीवरचा भात करपला, तो वासही आला नाही.

तेवढ्यात आळीच्या तोंडाशी कोण आलं? ज्ञानूबापू! टोपी डोक्यावर नाही, हातात. पाय ओढत चाललेला. मागं कोणी नाही.

आळीतल्या बायका आपापल्या दारात उभ्या. कोणी कोणाला विचारीना! पहिलं घर शेवंताबाईचं. तिचे दोन्ही पोरगे फौजेत. तिनं चौकट घट्ट धरली. बापू आला... आला... आणि पुढं गेला! शेवंता मटकन उंबऱ्यावर बसली. पुढच्या घरी म्हातारे रामभाऊ म्हशीला बांधत होते. बांधलेल्या म्हशीला परत बांधत होते हो! बापू तिथनंही पुढं गेला. रामभाऊंनी म्हशीच्या पाठीवर कपाळ टेकलं.

आणि गजराबाई? डोळे मिटून एकच धावा. "विठ्ठला, पुढं जाऊ दे. त्याला पुढं जाऊ दे!"

थांबा! पुढं म्हणजे कुठं? आळीत पुढं उरलं होतं एकच घर. पूनमचं! अजिंक्य निकमची बायको. दोन वर्षांमागं लग्न होऊन आलेली. सासू-सासरे नाहीत, घरात ती आणि पाळण्यातली लेक. गजराबाईंना आत्या म्हणायची, कालवण केलं की वाटी घेऊन यायची. बाई देवाकडं काय मागत होत्या, ते त्यांना तरी कळत होतं का? आणि समजा कळलं असतं — तर मागितलं नसतं? आई आहे ती!

पावलं थांबली. बाईंनी डोळे उघडले. बापू त्यांच्याच दारात!

"बोला भावजी," बाई म्हणाल्या. "माझाच ना?"

"न्हाई वैनी. तुमचा न्हाई."

सुटला! छातीत कोंडलेला श्वास सुटला, बाई भिंतीला टेकल्या. आणि मग बापूचं तोंड दिसलं.

"घोटभर पाणी द्या, वैनी. आन माझ्यासंगं चला. रोज भोंग्यावर एवढा बोललो, पर त्या पोरीपुढं बोलायचं एक वाक्य मला जुळंना."

म्हणजे अजिंक्य! शेंबूड पुसत अंगणात खेळलेला अजिंक्य! बाईंना वाटलं, दार लोटून घ्यावं. कोणी नावं ठेवली नसती. पण त्यांनी बापूला पाणी दिलं, पदर सावरला आणि चप्पल घातली.

इथनं पुढचं सांगायला जड आहे, मंडळी. पण सांगतो.

पूनम दारातच होती. लेक कडेवर. तिनं बघितलं — बापू, आणि त्याच्याबरोबर रडवेल्या गजराबाई. तिला काय वाटलं असेल? तिला वाटलं, बातमी गजराबाईंची आहे! आत्याला आधार द्यायला बापू आपल्याकडं घेऊन आलाय! धावली पोर. लेकीसकट गळ्यात पडली.

"आत्या! आवो आत्या, मी हाय ना! एकटं न्हाई सोडणार तुमाला!"

आणि त्या मिठीत, अगदी कानापाशी, गजराबाईंना पूनमचा श्वास ऐकू आला. लांब, मोकळा. सुटकेचा!

तो श्वास बाईंनी ओळखला. ओळखणार नाहीत? आत्ता, आळीतली चार पावलं मागं, त्यांनीच तर टाकला होता! आणि आता तो या पोरीकडनं काढून घ्यायचा होता.

बापू मागं उभा, तोंड उघडतो आणि मिटतो. गजराबाईंनी आधी लेकीला आपल्या कडेवर घेतलं. मग पूनमला छातीशी धरून म्हणाल्या, "पोरी, तू न्हाई गं. मी आलेय तुला धरायला."

बस. यापुढचं मी सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी चौकात गावातल्या दोन्ही राजकीय गटांचे फ्लेक्स लागले. अजिंक्यचा फोटो केवढा? पुढाऱ्यांच्या फोटोंत शोधावा लागत होता! सरपंच म्हणाले, "बापू, लोकं जमल्यात. भोंग्यावर जरा जोरात होऊ दे, बदल्याचं बोल!" बापूनं किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या हातात ठेवला. "तुम्ही बोला साहेब. पर पुढच्या टायमाला दारोदार तुम्हीच जायचं."

आता सांगा, पाप की पुण्य? मंडळी, आईच्या छातीतनं सुटलेल्या श्वासाला देव पाप म्हणत नसतो. तेवढं काळीज त्याला आहे! गजराबाईंचा श्वास सुटला, आणि त्याच पायानं त्या शेजारी गेल्या. पाप त्यांच्या वाट्याला नाही. पाप आपल्याकडं आहे! आपली केबल चालू आहे. आपल्या आळीत कोणी टोपी हातात घेऊन येत नाही. आपण श्वास रोखलाच नाही कधी, तर सुटेल कुठनं? आणि 'घुसा, मारा' म्हणत टाळ्या आपणच वाजवतो!

उद्या वाजवाल, जरूर वाजवा. सैन्याचा मान ठेवायलाच हवा. फक्त टाळीसाठी हात उचलला की एवढं ठरवून ठेवा — बापू निघालाय, आळीत घरं आहेत, सगळ्यांची दारं उघडी आहेत. त्यानं कोणत्या दारात थांबावं, ते बोट करून दाखवा. दाखवता येतं का बघा!