क्लिंगरच्या कुरणावरचा सामना

— नाही, नाही, इथंच बसा, कॉलेजवाल्यांचा नववा माणूस अजून यायचाय, तोवर तुम्हाला काही काम नाही. पंच म्हणून पहिल्यांदाच बोलावलंय ना इकडे? तरीच. तरीच एवढी कडक इस्त्री करून आलात. मागच्या वर्षीचा पंच घरातल्या चपला घालून आला होता — आणि त्याला नावं तरी कशी ठेवू, खेळच तसला. ते बघा, बेस म्हणून काय टाकलंय. पायपुसणी. कॉलेजच्या कचेरीच्या दारातली पायपुसणी उचलून आणलीत. पिचर चेंडू टाकतो तो उंचवटा घुशींनी पोखरून सपाट केला, गवत गुडघ्याला लागतंय, आणि तो फेल्प्स, खजिनदाराचा माणूस, आज त्यांचा कप्तान — गळ्यात टाय बांधून आलाय. बेसबॉल खेळायला टाय.

मी? ऑर्विल क्लिंगर. हो, फाटकावर नाव आहे तेच क्लिंगर, ती पाटी आजोबांची. हे आमच्या गाईंचं कुरण होतं. कॉलेजची पोरं आधी वीटभट्टीमागं खेळायची, आजोबांनीच त्यांना इथं बोलावलं — शेणावरून घसरत खेळायची, पण खेळायची. दूध काढून झालं की म्हातारा कुंपणाला टेकून बघत उभा, संध्याकाळचं जेवण विसरून. शेवटी सगळं कुरणच लिहून दिलं कॉलेजला, फुकट. आजी मात्र पक्की. तिनं अट घालायला लावली — दर वर्षी मे संपायच्या आत कॉलेजच्या संघानं इथं एक पुरा सामना खेळायचा, नऊ माणसं, नऊ डाव, पंच बाहेरचा. एक वर्ष चुकलं की जमीन परत क्लिंगरांची. आजोबांना त्या अटीची लाज वाटायची, सभ्य माणसांवर असा अविश्वास कशाला म्हणायचे. सभ्य माणसं!

चांगली वर्षं होती, नाही असं नाही. सगळा गाव लोटायचा इथं, दुकानं बंद करून. मग एक नवा अध्यक्ष आला, त्याला फुटबॉल हवा होता, त्यानं बेसबॉलचा संघच मोडून टाकला. मग जमीन परत करावी की नाही? तर यांनी कचेरीतली नऊ माणसं उभी करून सामना झाला म्हणून दाखवलं. आम्ही कोर्टात गेलो. न्यायाधीश म्हणाला, कागदात नऊ माणसं लिहिलीत, ती खेळाडू किंवा विद्यार्थीच असावीत असं कुठं लिहिलंय? झालं. तेव्हापासून हे सुरू. मेअखेर विद्यार्थी घरी गेलेले असतात, मग कचेरीतले कारकून गोळा करायचे, समोर आपले आगीच्या बंबावरचे लोक, बिअर मिळते म्हणून येतात. आणि खेळतात कसे सांगू? आपसात ठरलेलं असतं — प्रत्येकानं येऊन तीनदा बॅट हवेत फिरवायची आणि बाद व्हायचं. चेंडू लागू द्यायचा नाही, लागला तर धावावं लागतं, वेळ जातो. असे नऊ डाव! शेवटी बरोबरी नको म्हणून एकाला सोडतात, तो चारी बेसवरून चालत येतो — चालत, हातात कागदी पेला — आणि टाळ्या वाजवतात. स्वतःलाच टाळ्या.

ती निळी गाडी दिसते फाटकाशी? माझा मुलगा, कर्टिस. त्याला वाटतंय आज यांचा नववा येत नाही. महिन्याचा शेवटचा दिवस, सूर्य खाली चाललाय, आणि बंबवाल्यांकडेही मोजून नऊच, उसना कोण देणार? जमीन हातात आली की कर्टिसनं गोदामवाले शोधून ठेवलेत, दुसऱ्या दिवशी इथं डांबर. तोही यांच्यातलाच. खेळ कुणालाच नको.

मला? मला काय हवं असणार. मी बघायला येतो. दर वर्षी येतो, या बाकावर बसतो, थुंकतो आणि घरी जातो — त्यात काय, माणसाला आपल्या आजोबांच्या कुरणावर बसता येऊ नये? बसताच येतं म्हणा. आत कधी पाऊल टाकलेलं नाही. विद्यार्थ्यांसाठीच होतं ना, आणि मी आठवीनंतर गाईंमागं. वीस वर्षांचा असताना एकदा त्यांचा चेंडू तिकडे ओढ्यात गेला, मी तिथं गुरांना पाणी दाखवत होतो. उचलला आणि फेकला — ओढ्यातून थेट होम प्लेटवर, बॅट घेऊन उभं राहतात तिथं, मध्ये टप्पा नाही. सगळे थांबले. प्रशिक्षक कुंपणापर्यंत चालत आला, मला वाटलं बोलावतोय. म्हणाला, हात झकास आहे रे तुझा, वाईट वाटतं. आणि गेला परत. एवढंच. बायकोलाही सांगितलं नव्हतं मी — तुम्हाला कशाला सांगतोय कोण जाणे. सोडा ते.

हा फेल्प्स इकडेच येतोय. टाय सैल केलाय, म्हणजे काम आहे. — काय? … ऐकलंत? ऐकलंत ना पंचसाहेब, काय म्हणतोय? त्यांचा नववा येत नाही, बायकोला बरं नाही म्हणे. मी जरा उजवीकडे, त्या लांबच्या कोपऱ्यात उभा राहीन का. नुसतं उभं राहायचं, मिस्टर क्लिंगर, चेंडू तिकडे येणारच नाही. क्लिंगरच्याच नातवाला विचारतो, क्लिंगरची जमीन क्लिंगरला मिळू नये म्हणून उभा राहतोस का — आणि चेहऱ्यावरची रेघ हलत नाही.

मी नाही म्हटलं की सूर्य मावळेल, झालं. नुसतं नाही म्हणायचं.

… फेल्प्स, ग्लव्ह आण. तो नको, मोठा आण. आणि तुझ्या माणसांना सांग, माझी पाळी आली की मी मारणार. लागला तर पळणार, पडलो तर पडलो.

तुम्ही काय बसलात? उठा. प्लेटमागं उभे राहा तुमच्या जागेवर. माझ्याकडे बघू नका, चेंडूकडे बघा.