उलटी भरलेली पेटी

माझा जन्म देवणीचा. वडील दुसऱ्याच्या रानात सालाने राबले, आणि धम्म घेतल्यानंतर त्यांनी घरात एकच नियम केला, की जे मागायचे ते लिहून मागायचे, कारण आपल्यासारख्यांचे तोंडी बोलणे कोणी धरून ठेवत नाही. मी मॅट्रिक झालो, नांदेडला कायद्याच्या वर्गात एक वर्ष बसलो, पुढे बसणे जमले नाही, परंतु पत्र लिहिण्याची सवय तेव्हा लागली ती आजतागायत सुटलेली नाही. मी सांगतो तसेच उतरवून घ्या, शेवटी मी वाचून पाहीन.

नोकरी मिळाली ती एका खासगी कंपनीच्या छावणीवर, किनवटच्या बाजूला, चुनखडीच्या शोधात. तुम्ही ते काम पाहिलेले नसेल म्हणून सांगतो. यंत्र जमिनीत पोकळ नळी फिरवत उतरवते आणि त्या नळीतून दगडाची कांडी तुकड्यातुकड्याने वर येते, तिला आम्ही कोर म्हणत असू. ते तुकडे पत्र्याच्या लांबट पेटीत, पुस्तकातल्या ओळीसारखे, डावीकडून उजवीकडे लावायचे, वरचा दगड आधी, खालचा नंतर, आणि नळीच्या प्रत्येक खेपेनंतर, यंत्रवाला सांगेल तो खोलीचा आकडा घातलेला लाकडी ठोकळा ठेवायचा. सुरुवात कोठून, हे दाखवणारा बाण पेटीवर रंगवलेला असे. हे लावणे माझे काम. यंत्रावर नरसिंगअण्णा, देगलूरचा, घरी तेलुगू बोलणारा, वयाने माझ्याहून मोठा, अक्षरओळख नसलेला. तो मला कागदवाल्या म्हणायचा. ए कागदवाल्या, दगड वल्ला हाय तवर लिवून घे बा, वाळल्यावर सगळे सारखेच दिसतेत.

आता पुरस्काराचे. खाणकाम आणि खनिजशोध यांत कामगिरी करणाऱ्यांना आमच्या भागातली एक संस्था दरवर्षी नांदेडला पुरस्कार देते, आणि तो दरवर्षी साहेबांनाच मिळतो. जमिनीच्या पोटातले ज्यांनी हाताने वर काढले त्यांचे नाव मानपत्रात नको काय, अशी लेखी पृच्छा मी निवृत्तीनंतर अकरा वर्षे केली, स्मरणपत्रे निराळी. आमच्या मंडळी, सुमनबाई, म्हणायच्या, आता कोनाला लिवायलाव? टपालखातं तुमच्याच जिवावर चाललंय जनू. शेवटी संस्था नमली. यंत्रावरच्या कामगारांसाठी एक पुरस्कार ठरला, आणि पहिला मलाच. मानपत्राचा मसुदा संमतीसाठी घरी आला. त्यात एक वाक्य होते, की प्रदीर्घ सेवेत यांच्या हातून कोरची एकही पेटी चुकली नाही. मी चष्मा काढून ठेवला. चुकली होती. एक.

त्या दिवशी ऊन फार होते, एवढेच कारण. मी पेटीच्या नेहमीच्या बाजूला न बसता झाडाच्या सावलीच्या बाजूला बसलो, म्हणजे पेटीच्या पलीकडून, आणि माझ्या डावीकडून भरत गेलो, ती बाणाची उजवी झाली. सबंध पेटी उलटी भरली. छावणीवरच्या साहेबांनी तपासली तर खोलीचे आकडे मागे पळत होते आणि चुन्याचा थर नको तेथे संपत होता. त्यांनी आम्हां दोघांना उभे केले. अण्णा म्हणाला, साहेब, मी जसं निघालं तसं देल्लं. मी म्हणालो, मला जसे मिळाले तसे मी लावले. साहेबांनी माझ्या ठोकळ्यांवरचे सुबक आकडे पाहिले, अण्णाच्या ग्रीस लागलेल्या हातांकडे पाहिले, आणि अण्णाला संध्याकाळच्या जीपने पाठवून दिले. दुसऱ्या दिवशी मी पेटी धुवायला घेतली, या बाजूने बसलो, आणि बाण दिसला. काय सांगू तुम्हाला, चूक माझीच होती. तरी मी बोललो नाही. नोकरी नवीन होती, बहिणीचे लग्न ठरले होते, ही कारणे तेव्हा मी स्वतःला दिली. ती नोंदवून घ्या, ग्राह्य धरू नका.

ती कंपनी माझ्या निवृत्तीनंतर बंद पडली, तिची दप्तरे कोठे गेली हे मी दोन कार्यालयांना विचारून पाहिले, उत्तर नाही. म्हणजे अण्णावरचा ठपका खोडायला कागदच उरलेला नव्हता. उरला होता तो हा एक, माझे मानपत्र.

मी देगलूरची बस धरली. अण्णा आता म्हातारा झालेला, यंत्रांच्या आवाजाने कान गेलेले, अंगणात बाजेवर बसलेला. सूनबाईंनी त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगितले, मामा, तुमचे कागदवाले आलेत. मी मसुदा वाचला आणि मग पेटीचे सांगितले, मोठ्याने, कारण हळू सांगून त्याला ऐकू येईना, त्यामुळे शेजाऱ्यांनीही ऐकले. त्याने स्वतःचे पंजे उलटसुलट करून पाहिले. मला वाटले शिवी देईल. तो म्हणाला, मला वाटलं माझ्याच हातून झालं आसंल. त्याच्यानंतर कोरच्या मशीनला मी हातच लावला न्हाई रे. पान्याच्या बोअरवर डिझेल भरायचं काम केलं, पोरायला बी सांगितलं, माझ्या हाताचा भरवसा न्हाई म्हनून. तीस वरसं तेच केलं, मंग घरी बसलो.

मी म्हणालो, माफी लिहून देतो. तो म्हणाला, माफीचं नंतर बघू. आधी जिथं तुझं नाव लिवायलेत तिथं हे लिव. आनि बाकीच्या पेट्या तरी नीट भरल्या होत्यास का? मी म्हणालो, ही एक चुकल्याचे माहीत आहे, बाकीच्यांचे शपथेवर सांगत नाही.

परत येऊन मी समितीला लिहिले, की ते वाक्य वगळावे आणि त्या जागी घडले ते घालावे, नरसिंगअण्णाच्या नावासह. समितीचे सचिव, तरुण भूवैज्ञानिक, स्वतः घरी आले. म्हणाले, काका, मानपत्रात कुणी चुका लिहितं का हो? वाक्य काढून टाकू, विषय संपवू. मी म्हणालो, वाक्य काढल्याने खोटे जाईल, खरे येणार नाही. ते म्हणाले, ते गृहस्थ कामावरून काढलेले आहेत, आम्ही त्यांचं नाव कोणत्या आधारानं घालायचं? मला संताप आला. माझ्या एका शब्दावर माणूस घालवता येतो आणि माझ्या चार पानी लेखी कबुलीवर तो परत आणता येत नाही, हा कोणत्या पुराव्याचा नियम? सुमनबाई आतून म्हणाल्या, आवो, चहा तर पिऊ द्या त्यांना. सचिवांनी चहा घेतला, आणि जाताना सांगितले, की फार ताणाल तर हा पुरस्कारच यंदा रद्द होईल, आणि एकदा रद्द झालेलं पुन्हा सुरू होत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. यंत्रावरच्या पोरांचे अकरा वर्षांनी उघडलेले दार मी माझ्या चुकीसाठी बंद करावे काय, यावर मी चार दिवस विचार केला. मग संमती दिली, फक्त ते वाक्य गाळून.

समारंभाला अण्णा आला. त्याला मी तिसऱ्या रांगेत बसवले. माझे नाव पुकारल्यावर मी शाल घेण्याआधी ध्वनिक्षेपक घेतला आणि चार पानांतले एक पान वाचले: पेटी मी उलटी भरली, दोष नरसिंगअण्णावर गेला, तो निर्दोष होता, मी गप्प राहिलो. अध्यक्ष घड्याळाकडे पाहू लागले, मी वाचत राहिलो. संपल्यावर सभागृहाने टाळ्या वाजवल्या. केवढ्या! मला आधी कळलेच नाही. मग लक्षात आले, की यांना हा माझा मोठेपणा वाटला. मी साक्ष दिली होती, आणि त्यांनी तिचा सत्कार केला.

तिसऱ्या रांगेत अण्णाची सून त्याच्या कानात एकेक वाक्य सांगत होती. तो टाळी वाजवत नव्हता. शेजारच्या गृहस्थाला हात दाखवून म्हणत होता, नरसिंग म्हन्जे मी, मीच. बाहेर मी त्याच्यापाशी गेलो तर म्हणाला, माफ केलं म्हनत न्हाई मी. पर समद्यायच्या देखत वाचलास, ते ऐकलं. जेवन कुठं हाय?

आम्ही दोघे शेजारी बसून जेवलो. त्याने दोनदा वरण मागून घेतले. त्याला सुखरूप ठेवा, एवढे मी ज्याच्याकडे मागायचे त्याच्याकडे मागतो, बाकी माझे काही मागणे उरलेले नाही. दुसऱ्या दिवशीच्या एका वर्तमानपत्राने मात्र माझ्याविषयी विनम्र असा शब्द छापला आहे आणि अण्णाचे नाव गाळले आहे. त्याच्या दुरुस्तीचे पत्र कालच टपालात टाकले. हे पहिले, आठ दिवसांनी दुसरे जाईल.