चार मजल्यांचा दम

वाचवलं? कोण म्हणालं मी तिला वाचवलं? — तिनंच ना? फोनवर, नाव नोंदवताना? "लेओकाडिया नसती तर मी आज नसते" — हेच म्हणाली असणार, शब्द न् शब्द पाठ आहे माझा, वॉर्डातल्या सगळ्या नर्सना हेच ऐकवत होती, प्रार्थनेला पाद्रीबाबा आले तर त्यांनाही हेच. नको, ते बोटाला लावायचं यंत्र आज नको, यागोदा, आज आकडा भलताच येईल. मी आज व्यायामाला आलेलीच नाही. दार लोट आधी. आणि बस गं पोरी, तू अशी उभी राहिलीस की मला कामावर उशिरा आल्यासारखं वाटतं. गुरुवारी गेनोवेफा येणार, तू तिला तपासणार, तिचा व्यायामाचा कागद करणार — त्याआधी तुला ठाऊक असायला हवं. कुणाला तरी ठाऊक असायलाच हवं, नाहीतर ती बाई मला संत करून सोडेल.

पहिल्या दिवशी तू मला विचारलंस, आठवतं? फॉर्म मांडीवर घेऊन. "तुम्हाला काय करता यायला हवंय?" मला वाटलं होतं, छाती बघशील, खोकून दाखवा म्हणशील. पण हा प्रश्न! मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, चार मजले चढायचेत, मैत्रीण राहते वर. तू लिहून घेतलंस — मैत्रीण. किती गोड हसलीस तेव्हा. खोटं होतं ते. मैत्रीणबित्रीण कुणी नाही. चार मजले वर माझी गिरणीतली मुकादमीण राहते, हीच गेनोवेफा. बहात्तर पायऱ्या, लिफ्ट नाही, ती गुडघे आणि धाप घेऊन दोन वर्षं खाली उतरलेली नाही, आणि मी या असल्या फुफ्फुसांनी वर चढू शकत नव्हते. एकाच रस्त्यावर राहतो आम्ही. तिच्या खिडकीत दिवा लागलेला मला माझ्या स्वयंपाकघरातून दिसतो. रोज दिसतो.

तू पाहिलं नाहीस ते गिरण्यांचं वूच शहर. तुझ्या जन्माआधीच गिरण्यांना कुलपं लागली, आता म्हणे तिथं कपड्यांची दुकानं आहेत, लोक कॉफी पितात. आम्ही चादरी करायचो — अख्ख्या पोलंडच्या पलंगांवर आमच्या चादरी. मी सोळाव्या वर्षी लागले, पिंजणखात्यात. तिथं हवा पांढरी असते. भुवयांवर कापूस, पापण्यांवर कापूस. आईनं मला जाळीच्या कापडाचे मास्क शिवून दिले होते, चार पदरी, रोज एक धुवायचा. आणि यंत्रांच्या त्या गदारोळात आम्ही बायका ओठांवरून बोलणं ओळखायचो — मास्क लावला की मुकादमिणीला कळायचं नाही कोण काय म्हणतंय. तेच तिला खुपायचं. एकोणऐंशी साली वरून कुणी मोठी माणसं येणार होती, फोटोवाला येणार होता, गेनोवेफा रांगेतून फिरली आणि स्वतःच्या हातानं माझा मास्क ओढून काढला. "फोटोत तोंडं दिसली पाहिजेत." बरं, फोटो झाला. मी मास्क परत मागितला. तर म्हणाली, "बाकीच्यांना लागत नाही, तुलाच का लागतो? तुझ्यात दम नाही, लेओकाडिया." खोकला सुरू झाला तेव्हा मी चादरी घड्या करायच्या खात्यात बदली मागितली. जागा होती. तिनं ती भाचीला दिली. अकरा वर्षं, यागोदा. त्यानंतर अकरा वर्षं मी त्या पांढऱ्या हवेत.

मी गायचे, हे तुला कधी सांगितलं नाही. चर्चच्या गायनात वरचा सूर माझा असायचा. आई गेली तेव्हा तिच्या आवडीचं भजन मीच म्हणायला घेतलं, तर दुसऱ्या कडव्यात असा खोकला आला — असा आला, की शवपेटीपाशी ओणवी झाले, आणि ऑर्गन वाजवणाऱ्यानं एकट्यानं ते पूर्ण केलं. तिसऱ्या रांगेत गेनोवेफा. शेजारणीला म्हणाली, "बघ, मी सांगत नव्हते?" ऐकू नाही आलं. ओठ दिसले.

पाणी नको. बरी आहे मी.

तर तू मला तयार केलंस. माझ्याबरोबर व्यायामाला येणाऱ्या त्या वांडाला तू व्यायामाची सायकल दिलीस, मला नाही दिलीस, माझा उजवा गुडघा बघितलास म्हणून. साखरेच्या पिशव्या दोन हातांत घेऊन वर करायला लावल्यास, कारण मी म्हटलं होतं वजनं विकत घेणार नाही. व्हरांड्यात खुणेला त्या दोन नारिंगी प्लास्टिकच्या टोप्या ठेवून सहा मिनिटं चालवलंस — पहिल्यांदा एकशे नव्वद मीटर, मध्ये दोनदा भिंत धरली. आणि ती फुंकर! गरम सूप निववतो तशी. श्वास सोडताना पायरी चढायची, घेताना थांबायचं. मी जन्मभर उलटं करत आले होते. मागच्या जिन्यावर तू माझ्या एक पायरी खाली उभी राहायचीस, हात न लावता. पहिल्या महिन्यात अठरा पायऱ्या, नाताळच्या आधी बहात्तर. तू टाळ्या वाजवल्यास. तुला वाटलं मी आनंदानं रडले.

मी घरी भांडी घासताना एक वाक्य घोकत होते. "तुम्ही माझा मास्क ओढून काढलात, अकरा वर्षं मला धूळ खायला लावलीत, आज मी तुमच्या दारात उभी आहे आणि मला धाप लागलेली नाही." एका दमात म्हणायचं होतं. चढून गेल्यावर. हेच माझं ध्येय होतं — ते तुझ्या फॉर्मच्या रकान्यात मावलं नसतं.

तीन जानेवारी. तिचा नामदिवस, संत गेनोवेफाचा दिवस. नामदिवसाला कुणाला आमंत्रण लागत नाही, केक कापून ठेवायचा आणि दार ओढलेलं ठेवायचं, येईल तो येईल. तुझ्या पद्धतीनं चढले, प्रत्येक मजल्यावर फुंकर, फुंकर. दार ओढलेलंच होतं. टेबलावर खसखशीचा रोल, सहा बशा मांडलेल्या, सहाही कोऱ्या. आणि ती खुर्चीत. केवढीशी झालीय — पाय मात्र सुजलेले, चपलेच्या बाहेर आलेले. मी उभी राहिले आणि म्हटलं सगळं. अख्खं वाक्य, एकदाही न अडखळता.

ती म्हणाली, "कोण तू?"

सांगितलं नाव. "पिंजणखात्यातली? हां... हां, ती सारखी खोकणारी." मी म्हटलं, मास्क. तर म्हणते, "कसला मास्क? मला नाही आठवत. तीनशे बायका होत्या माझ्या हाताखाली, कुणाकुणाचं लक्षात ठेवू?" आणि मग म्हणते — "बस, रोल खा. चार मजले चढलीस? तू? कुणी उचलून आणलं?"

सांग मला. अशा बाईचं काय करायचं? चाळीस वर्षांहून जास्त काळ मी तिला उराशी धरून जगले, आणि मी तिच्या खिजगणतीत नाही! ओरडले असते तर ती हसली असती. मी काय केलं — पर्समधून तुझा कागद काढला. छापील, शिक्क्याचा, चित्रांचा. म्हटलं, हे केलं म्हणून चढले. तुम्हालाही शिकवते. मंगळवारी आणि शुक्रवारी येईन.

हो. माहीत होतं मला. तू पहिल्याच आठवड्यात बजावलं होतंस ना सगळ्यांना — हे पेढे नाहीत वाटायला, ज्याचा कागद त्याचाच, एकाचं औषध ते दुसऱ्याचं विष. ऐकलं होतं मी. नीट ऐकलं होतं. म्हणून तर.

तिनंच हट्ट धरला म्हण — नाही, तिनं नाही धरला. मीच. मी पाण्याच्या बाटल्या तिच्या हातात दिल्या, मी खुर्चीसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "उठा. बसा. उठा. बसा." तू मला दहा दिल्या होत्यास, मी तिला पंधरा दिल्या. ती थांबली की म्हणायची मी, "काय हो गेनोवेफाबाई, दम नाही?" ओठ निळे पडायचे तिचे. दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, डोळ्यांपुढं अंधारी येते. आणि तुझ्या कागदावर खाली ती ठळक ओळ आहे ना — चक्कर आली, छातीत दुखलं तर तिथंच थांबायचं, डॉक्टरला कळवायचं — ती ओळ मी... तो कागद भिंतीवर लावताना मी ती ओळ मागं दुमडली होती. टाचण्या लावून. चार टाचण्या.

बघू नकोस अशी. तुला काय वाटलं, म्हाताऱ्या बायका फक्त विणकाम करतात?

तिसऱ्या शुक्रवारी मी वीस म्हटलं होतं. मोजत होते, मोठ्यानं, तिच्याच आवाजात, ती खात्यात तागे मोजायची तसं. सोळा, सतरा, अठरा — आणि ती उठली ती तशीच कडेला कलंडली. खुर्ची एकीकडं, बाटली गडगडत पलंगाखाली. आणि मी काय केलं सांगू? मी एकोणीस म्हटलं. मग वीस म्हटलं. तोंडातून निघालंच. ती जमिनीवर, आणि मी वीस पूर्ण केले.

मग फोन केला. हो, केला — ताबडतोब नाही, पण केला. टाचण्या आधी काढल्या. कागद पर्समध्ये टाकला आणि मग एकशे बारा फिरवला. अँब्युलन्सची दोन पोरं आली, तिला खुर्चीला बांधून बहात्तर पायऱ्या उतरवलं, आणि मी मागून माझ्या पायांनी उतरले. चौकात तिला शुद्ध आली. दोन वर्षांनी बाहेरची हवा लागली असणार. माझा हात धरला तिनं. सोडवून घेता येईना, एवढा घट्ट.

पुढचं तुला तिच्या कागदपत्रांत दिसेलच. हृदयाची झडप दगडासारखी झाली होती म्हणे, कुणाला पत्ताच नव्हता, ती कधी डॉक्टरकडं उतरलीच नव्हती. ते मोठे डॉक्टर मला म्हणाले — माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले — "वेळेवर कळलं. अजून सहा महिने अशीच घरात बसून राहिली असती तर एक दिवस शेजाऱ्यांना वास आला असता." मांडीतून नळी घालून नवी झडप बसवली. पायांची सूज उतरली, ओठ गुलाबी. झालं! मी मारायला गेले आणि तिच्या आयुष्याची दोरी वाढवून आले. चर्चमध्ये बायका वळून बघतात माझ्याकडं, कौतुकानं. एकीनं सफरचंदाचा केक आणून दिला. मी तो कबुतरांना घातला.

गप्प बसवेना मला. गेल्या रविवारी इस्पितळात गेले आणि तिला तोंडावर सांगितलं. सगळं. पंधरा, वीस, टाचण्या. वॉर्डात आणखी दोघी होत्या, त्यांच्यादेखत. तिनं शांतपणे जेली खाल्ली. चमचा पुसला. मग म्हणाली, "कागदावर वर तुझं नाव होतं, लेओकाडिया. आणि नावाखाली फुफ्फुसं असं लिहिलं होतं. मला वाचता येतं." मी म्हटलं, मग का केलंत? तर म्हणते, "मंगळवारी आणि शुक्रवारी कुणीतरी यायचं ना."

असं म्हणाली. मी तिला म्हटलं, मास्क आठवतो का आता? तिनं जेलीची वाटी बाजूला सारली. मग म्हणाली, "नाही गं. खोटं कशाला बोलू? नाही आठवत." निदान खोटं तरी बोलायची! एकदा, माझ्यासाठी! आठवतो म्हटली असती तर मी कदाचित... नाही. माहीत नाही मी काय केलं असतं.

रडत नाहीये. हा दमा आहे.

आता तू काय ते ठरव. माझं नाव काढ, वर कळव, पोलिसांना सांग — शिक्का तुझा होता त्या कागदावर, तुला हक्क आहे. तो कागद हा घे, टाचण्यांची भोकं आहेत बघ खाली. पण तिचा कागद नीट कर. तिची झडप नवी आहे, गुडघे जुने आहेत, डाव्या कानानं ऐकू येत नाही, समोर उभी राहून बोल. दहा म्हटलं तर ती बारा करेल, मिजास आहे तिला, करू देऊ नकोस. बाटल्यांनी सुरुवात नको. आणि गुरुवारी तिला मीच आणणार आहे, तिनं फर्मावलंय तसं, अजून मुकादमीणच आहे ती — "साडेनवाला ये, उशीर नको." मी सव्वानवालाच जाईन. का जाईन ते विचारू नकोस, मलाही कळलेलं नाही. माफ मात्र केलेलं नाही मी, एवढं लिहून ठेव कुठंतरी, तुझ्या त्या फॉर्मात जागा असेल तिथं.

काय? — नाही, नको, काही बोलू नकोस. ऊठ. उघड ते दार. बाहेर तो म्हातारा केव्हाचा खोकतोय, त्याची वेळ झाली.