मोहाखालचा भोंगा

नाई नाई मॅडम, आत्ता नोका वाजवाले लावू — चहा थंडा होऊन राह्यला तुमचा. मशीन का कुठी पयून जाते? तो पाहा, मोहाच्या झाडाईपाशी लोखंडी खांब — वर कॅमेरा, त्याच्यावर भोंगा. समोर वाघ आला का कॅमेरा वयखते, भोंगा बोंबलते, लाल लाइट फिरते. मोबाइलवरूनबी वाजते, बोट लावलं का झालं. एवढंच तं हाये. अन् एवढ्यावर सरकारनं माह्यासारख्या वायरमनले संशोधक केलं, अनुदान देल्लं — हसू नोका, माही बायको दिव्यानी रोजच हासते. संशोधक, जरा सिलिंडर लावून द्या म्हणते.

तुमाले वाटत असन, नागपूरवरून मी तपासाले आली अन् हा प्रवीण टाळून राह्यला. टाळून नाई राह्यलो. बाया हायेत ना तिथी — मोह पडून राह्यला, ऊन तापाच्या आत वेचा लागते. भोंगा वाजला का भेतीन बिचाऱ्या. म्हंजे, भेत नाई तशा. मीच शिकवलं त्याईले — भोंगा वाजला का टोपली टाकाची अन् सिद्धं खांबापाशी येऊन एकठ्ठं उभं राहाचं, लाइटाखाली. मांगच्या सालच्या मोहाच्या हंगामात लच्छूची बायको नेली ना वाघानं. वाकून वेचत होती. वाकलेलं माणूस त्याले जनावरच वाटते. तवा बाया टोळीनं जात, टिना बडवत, एकमेकीले हाका मारत. आता कोण बडवते? प्रवीणचा भोंगा हाये म्हणतेत. माही मोठीमाय रुखमा — माय गेल्यावर तिनंच वाढवलं मले — ते तं अंधारातच एकटी निंगते. पोरानं मशीन बनवली, मले काय भेव, असं साऱ्या गावाले सांगत फिरते.

व्हिडिओ? पाहिला ना तुमी? वाघीण आली, भोंगा वाजला, शेपूट घालून पयाली. खरा हाये तो. हातच्या कांकणाले आरसा कायले? पण तुमच्या अगोदरचे साहेब — ते आले, मचाणावर बसले, मच्छरं मारले, वाघ काई आला नाई. म्हणले, खऱ्या वाघावर चाललेलं दाखवा, तवाच अनुदानाचा दुसरा हप्ता. आता वाघ का माहा सोयरा हाये, बोलावलं का याले? मंग काय करू — मूल गावच्या पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या, फेकाच्याच असतेत त्या, चार ठेवल्या खांबापाशी. त्यात काय एवढं? पिंजऱ्यात बकरी बांधतेतच ना लोकं.

पहिल्या खेपेले पयाली. तोच व्हिडिओ. दुसऱ्या खेपेले जराशी थबकली. मंग — मंग भोंगा वाजतच राह्यला अन् ते बसून खातच राह्यली. तो नाई धाडला मी. कायले धाडू? पण अनुदानवाल्या समितीचं एकावर भागते का — अजून पाठवा, अजून पाठवा. हिवाळाभर ठेवल्या मी कोंबड्या. खाऊन झाल्यावर उठून जाते ना, तेवढाच तुकडा कापून धाडत गेलो. जातानाच दिसते ना वाघीण? मंग खोटं काय त्याच्यात?

होळीपासून बंद केल्या, देवाशप्पथ. मांगच्या आठवड्यात रानडुकरानं वाजला भोंगा. अन् नाल्याकडून ते आली. भोंगा आइकून आली, मॅडम. सावकाश, जेवाले बोलावल्यासारखी. खांबाभवती फिरली, हुंगलं, काई भेटलं नाई, तशीच बसून राह्यली लई वेळ. — असं काऊन पाहून राह्यल्या तुमी माह्याकडं? सांगणारच होतो गावात. पण आता सांगतलं तं पोंभुर्ण्याच्या आजूबाजूच्या गावाईत मशीन लावाचं ठरलं हाये, ते सारं बोंबलते. तुमची सही झाली का पहिलं काम आवाज बदलाचं. नवा भोंगा, नवा सूर, तिले वयखूच येनार नाई. संशोधन म्हंजे तरी काय, चुकाचं अन् सुधाराचं. बायको? नाई जात ते मोहावर. होळीपासून मीच नाई जाऊ देत. तब्येत बरी नाई तिची — हौ, आत्ता चहा देल्ला तेच. दिसते धडधाकट. मंग तिलेबी धाडू का? तुमच्या घरचं माणूस असतं तं तुमी धाडलं असतं?

बरं, चिडलो. माफ करा. लाज वाटते मले, झोपबी लागत नाई — पण तुमी तपासाले आल्या, कबुलीजबाब घ्याले नाई. सही तेवढी करा. दुपारी बाया घरी आल्या का वाजवून दाखवतो, पाह्यजे तेवढं —

थांबा. भोंगा वाजून राह्यला — तुमी दाबलं? नाई? माहा मोबाइल तं खाटेवर हाये. कोनंच नाई दाबलं. मंग डुक्कर असन. डुक्करच असन — डुक्कर असो का वाघीण असो, आवाजावर येनार तं तेच. बाया उठल्या. टोपल्या ठेवल्या पाहा. चालल्या खांबाकडं, शिकवलं तशाच, एकठ्ठ्या. मोठीमाय पुढं. मोठीमाय! खांबापाशी नोको जाऊ! अवं मांगं फिर! — आइकूच जात नाई, ह्या भोंग्याखाली माणसाचं कायचं आइकू जाते! हात हालवून राह्यली ते. तिले वाटते, मी पाहुणीले मशीन दाखवून राह्यलो. नाई बंद होत मोबाइलवरून — बंद कराचं बटन खांबावरच हाये. कोनी उगाच बंद करू नये म्हणून तुमच्याच लोकाईनं लावाले लावलं. सोडा माहा हात. दिव्यानी, दार लाव, आतून कडी घाल! मॅडम, गाडीत बसा. काच चढवा. बसा म्हणतो ना! अन् भोंगा थांबला तरी नोका उतरू.